दम लागतो म्हणून मैदान सोडायचे काय?

'पोराला दमा आहे, त्याला पळायला लावू नका.' हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये इतक्या वेळा बोलले जाते की त्यावर कुणी विचारही करत नाही. आई शाळेत जाऊन बाईंना तसे सांगून येते. बाई पी.टी.च्या तासाला त्या पोराला भिंतीकडेला बसवतात. बाकीची पोरे खोखो खेळतात आणि हा दप्तरे राखत बसतो. मुलगी असेल तर तिला बसवायला दम्याचेही निमित्त लागत नाही. पुढे वय वाढते, अंग सुटते, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि घरचे म्हणतात, 'बघा, दमा वाढला.' दमा वाढला की वर्षानुवर्षे बसवून ठेवल्याने शरीराची ताकद गेली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारण्यासाठीच आजचा लेख.

मी डॉक्टर नाही, वकील आहे. परंतु या विषयात वैद्यकशास्त्राने दिलेला निकाल इतका स्पष्ट आहे की तो वाचायला डॉक्टर असण्याची गरज नाही. दमा औषधाने आटोक्यात असेल तर दमेकऱ्याने व्यायाम करावा, नियमित करावा, आणि खेळातून त्याला बाजूला काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि मुलांसाठी रोज सरासरी तासभर हालचाल सांगितली. दमा आहे म्हणून या हिशेबातून कुणाला सूट मिळत नाही.

मग पळल्यावर धाप लागते, छातीत शिट्टी वाजते, त्याचे काय? तो भास नाही. स्वस्थ बसलेला माणूस नाकाने सावकाश श्वास घेतो. नाक ती हवा गरम करते, ओली करते, गाळते. पळताना मात्र माणूस तोंडाने भराभर श्वास ओढतो आणि थंड, कोरडी हवा थेट श्वासनळ्यांत शिरते. नळ्यांच्या आतल्या अस्तरातले पाणी उडते, उष्णता जाते. दमेकऱ्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या आणि चिडक्या असतात. त्यांतून काही रसायने बाहेर पडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हा त्रास बहुधा व्यायाम थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत सर्वांत जास्त होतो आणि साधारण तासाभरात ओसरतो. म्हणजे व्यायामाने दमा जडत नाही. आधीच असलेली आणि नीट उपचार न झालेली सूज व्यायामाने उघडी पडते. ताप मोजणाऱ्या थर्मामीटरवर कुणी तापाचा आरोप ठेवत नाही.

आता पुरावा पाहू. दमेकऱ्यांच्या शारीरिक प्रशिक्षणावर झालेल्या २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ७७२ रुग्ण होते. निष्कर्ष असा की दमेकऱ्यांना व्यायाम सोसतो, त्यातून अपाय दिसला नाही, आणि हृदय-फुफ्फुसांची एकत्रित क्षमता वाढते. त्याच आढाव्याने हेही सांगितले की विश्रांतीच्या वेळी मोजलेली फुफ्फुसाची ताकद व्यायामाने फारशी बदलत नाही. ब्राझीलमधील साओ पावलो येथे ५८ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, असे तीन महिने ट्रेडमिलवर चालवलेल्या रुग्णांच्या श्वासनळ्यांचा चिडकेपणा कमी झाला, रक्तातली सुजेची काही लक्षणे उतरली आणि रोजचे जगणे सुसह्य झाले. थोडक्यात, व्यायाम दमा बरा करत नाही, पण दमेकऱ्याला बळ देतो. शरीर कसलेले असेल तर तेवढ्याच कामाला कमी श्वास लागतो. वजन उतरले की छातीवरचा भार उतरतो. आणि 'मला जमत नाही' ही भीती जाते, तिचे मोल तर यंत्राने मोजता येत नाही.

ज्यांना आकड्यांपेक्षा माणसांची साक्ष पटते त्यांनी जॅकी जॉयनर-कर्सी हे नाव लक्षात ठेवावे. १९६२ साली अमेरिकेतल्या ईस्ट सेंट लुईस या गरीब शहरात जन्मलेली ही काळी मुलगी. महाविद्यालयात असताना तिला दमा असल्याचे निदान झाले. तिने ऑलिंपिकची सहा पदके मिळवली, त्यांत तीन सुवर्ण. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये हेप्टॅथलॉन या सात क्रीडाप्रकारांच्या स्पर्धेत तिने केलेला ७२९१ गुणांचा जागतिक विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. तिलाही लहानपणापासून दमा. या दोघी औषध टाकून धावल्या नाहीत, औषध घेऊन धावल्या. आपल्याकडे नेमके इथेच घोडे अडते.

दम्याचे मुख्य औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, ज्याला आपण 'पंप' म्हणतो. ते नळ्यांची सूज उतरवते. दुसरा पंप तात्पुरता आराम देतो, नळ्या मोकळ्या करतो, सुजेला मात्र हात लावत नाही. नुसत्या आरामाच्या पंपावर प्रौढांनी आणि किशोरवयीनांनी राहू नये, असे दम्यावरील जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून बजावते आहे. आपल्या वस्त्यांत मात्र उलटे चित्र. त्रास झाला की आरामाचा पंप नाहीतर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुई, आणि बरे वाटले की सगळे बंद.

याची किंमत किती? २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातील पाहणीत, जी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, छातीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना दमा असल्याचे निदानच झालेले नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांतही हे प्रमाण ७० टक्के होते. म्हणजे दहातले सात जण जिवाशी खेळत होते आणि त्यांना रोगाचे नावही कुणी सांगितलेले नव्हते. नाव सांगत नाहीत, कारण नाव ऐकायचे नसते. लहान मूल असेल तर 'बाळदमा आहे, जाईल आपोआप', मोठे असेल तर 'अ‍ॅलर्जी'. लग्नाची मुलगी असेल तर पंप कपाटात कपड्यांखाली लपवायचा आणि पाहुण्यांसमोर खोकला गिळायचा. जातीमुळे वाट्याला आलेली लाज आपण झुगारली, आता रोगाची लाज कशाला जवळ करायची?

'पंपाची सवय लागते' हा दुसरा गैरसमज. पंपातल्या स्टेरॉइडचा एक फवारा सहसा शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमचा असतो आणि तो थेट छातीत जातो. पाच मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम, आणि ती साऱ्या अंगात फिरते. लोक पंपाला घाबरतात आणि अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने खातात. पंप घेतल्यावर चूळ भरावी, लहान मुलांना स्पेसर लावून द्यावा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

तिसरा धोका बाजाराचा. दरवर्षी मृग लागला की हैदराबादेत जिवंत माशातून दम्याचे औषध देतात म्हणून हजारो लोक रांगा लावतात, त्यांत महाराष्ट्रातले लोकही असतात. वाद न्यायालयात गेल्यावर त्या 'औषधा'चे नाव 'प्रसादम्' झाले. नाव बदलले, गुण कुठून येणार? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या परिशिष्ट 'जे' मध्ये दम्याचा समावेश आहे. अशा रोगांपासून पूर्ण मुक्ती देण्याचा दावा औषधावर करता येत नाही. तेव्हा 'दमा मुळापासून घालवतो' असे भिंतीवर रंगवणारा माणूस वैद्य असो वा बाबा, तो कायद्याच्या चौकटीबाहेर उभा आहे एवढे ओळखावे.

योगाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. पुण्याजवळ लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम ही संस्था प्राणायामाचा प्रयोगशाळेतून अभ्यास करत आली आहे. कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात योगाने दमेकऱ्यांच्या जीवनमानात थोडी सुधारणा आढळली. थोडी. तेव्हा योगासने करायची असतील तर जरूर करावीत, पण 'प्राणायाम करा आणि पंप फेकून द्या' असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. आपल्यातले अनेक जण विहारात आनापानसतीला बसतात. तिथे श्वास नुसता पाहायचा असतो, तो मनाचा अभ्यास आहे, श्वासनळ्यांवरचा इलाज नव्हे. कोणतीही गोष्ट ऐकीव म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, ही शिकवण ज्यांच्या घरात आहे त्यांनी तरी फवाऱ्याऐवजी फुंकरीवर विश्वास ठेवू नये.

इथे आपल्या आयाबहिणी एक रास्त प्रश्न विचारतात. 'आम्ही पहाटे उठून पाणी भरतो, पाच घरची धुणीभांडी करतो, दिवसभर पाय मोडेस्तोवर चालतो. आम्हाला आणि कसला व्यायाम सांगता?' या प्रश्नाला हसणाऱ्याने कष्ट पाहिलेले नाहीत. परंतु श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामात माणूस स्वतःच्या गतीने सुरुवात करतो, दम लागला की वेग कमी करतो, थकला की थांबतो. कामात यातले काहीच हाती नसते. झाडणारी बाई धूळ उडते म्हणून झाडू थांबवू शकत नाही. कचरावेचक ढिगाऱ्यावरच्या धुरातच वाकून काम करते. भांडी घासणारी बंद मोरीत फिनेल आणि ॲसिडच्या वाफा ओढते, आणि त्या वाफा स्वतःच दम्याला चिथावतात. कामातले श्रम आणि फुरसतीतला व्यायाम यांचे हृदयावर होणारे परिणाम सारखे नसतात, हे युरोपातल्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. ज्यांचे शरीर दुसऱ्यासाठी दिवसभर राबते त्यांना स्वतःच्या शरीरासाठी अर्धा तास मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे. तो आळसाचा नाही, वेळेच्या मालकीचा आहे.

आणि वेळ काढली तरी जायचे कुठे? पुण्यात व्यायामाची परंपरा काही सदाशिव-नारायण पेठेने सुरू केलेली नाही. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत याच शहरातली पोरे घडली आणि जोतीराव फुल्यांनी तिथेच दांडपट्टा शिकला. आज रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणारे शेकडो लोक दिसतात. त्याच टेकडीवरचे देवालय सर्वांना खुले व्हावे म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदींनी सत्याग्रह सुरू केला आणि सत्याग्रहींवर दगड बरसले. आज त्या पायऱ्यांवर कुणाला मज्जाव नाही. परंतु त्याच पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथली बाई चिंचोळ्या बोळातून हंडा घेऊन चढते तेव्हा तिला कुणी 'फिटनेस' म्हणत नाही. पुण्यात बागा पुष्कळ आहेत, पण त्या सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी उघडतात, नेमक्या त्याच वेळी ती दुसऱ्याच्या घरी कामावर असते. दुपारी तिला तासभर मोकळा असतो तेव्हा फाटकाला कुलूप.

हवेचे काय? केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुण्याचे नाव हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आले. पीएम २.५ या सूक्ष्म धुळीची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आपल्या देशाची २००९ ची मर्यादा ४० आहे. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर तिच्यात कोंडतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे रस्त्याकडेने पळणे दमेकऱ्याच्या हिताचे नाही. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, त्याची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली. त्याचे पराग आजही मोकळ्या प्लॉटवर खेळणाऱ्या पोरांच्या नाकात जातात. घरात डास म्हणून उदबत्तीसारखी कॉइल लावतात. संशोधकांनी २००३ मध्ये मोजले की एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतकी सूक्ष्म धूळ निघते. दहा बाय दहाच्या खोलीत ती रात्रभर जळते.

लंडनमध्ये एला किसी-डेब्रा या नऊ वर्षांच्या काळ्या मुलीचा २०१३ मध्ये दम्याने मृत्यू झाला. ती वाहत्या हमरस्त्यापासून जवळच राहत होती. तिची आई लढत राहिली आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने प्रदूषित हवा हेही त्या मृत्यूचे एक कारण असल्याचे नोंदवले. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला, कचऱ्याच्या शेजारी कोण राहते हे वेगळे सांगायला नको. परंतु मृत्यूच्या दाखल्यावर त्यांची हवा कधीच लिहिली जात नाही.

आता कायद्याकडे वळतो. राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवा येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या खटल्यात सांगितले. कामगाराचे आरोग्य हा त्याच हक्काचा भाग आहे, हे १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात सांगितले. आणि उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला देता येणार नाही, हे १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात ठरले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे लिहिलेले आहे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. हक्क कागदावर आहेत. पण महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचे कलम १२७ ही लक्षात ठेवा. विकास आराखड्यातली मैदानाची जागा पालिकेने दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षणच उडते. तुमच्या प्रभागातले किती पिवळे-हिरवे तुकडे अशा रीतीने इमारती होऊन बसले, हे विचारणारा कुणी हवा.

तेव्हा करायचे काय? आधी आपण काय करू शकतो ते सांगतो. प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे. तिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी बायकांसाठी आणि मुलांसाठी व्यायामाचा तास सुरू करता येईल. दमेकऱ्याने आधी दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग गरम करावे, बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे, शेवटी एकदम न थांबता वेग उतरवत आणावा. थंडीत नाकावर रुमाल बांधावा. सर्दी-तापात विश्रांती घ्यावी. आरामाचा पंप खिशात असावा, आणि व्यायामाआधी तो घ्यायचा की नाही हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. धाप लागली तर थांबून ताठ बसावे, पंप घ्यावा. एक वाक्य सलग बोलता येईना किंवा ओठ निळे पडू लागले तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. शिक्षकांनी दमेकरी मुलाला बसवून ठेवण्याऐवजी त्याचा पंप कुठे आहे हे माहीत करून घ्यावे. आणि आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत फटाक्यांचा धूर करायचा की नाही, याचाही विचार मंडळांनी करावा. ज्या महामानवाची जयंती आहे त्याच्याच लेकरांच्या छातीत तो धूर जातो.

मग पालिकेकडे मागायचे. स्टेरॉइडचा पंप २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तो महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात बारा महिने, मोफत मिळाला पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्ण दाखल झाल्यावर खर्च उचलते, परंतु दम्यात खरी गरज दाखल होण्याची वेळच येऊ नये याची आहे. अतिदक्षता विभागाच्या एका दिवसाच्या पैशांत कितीतरी महिन्यांचे पंप येतात. बागांची फाटके दुपारीही उघडा. पालिकेच्या शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर वस्तीला खुली करा. झाडणकाम करणाऱ्यांना मास्क द्या आणि वर्षातून एकदा त्यांच्या फुफ्फुसांची तपासणी करा. यातले काय होते आणि काय होत नाही, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाहीत. मागच्या तीन वर्षांत किती पंप खरेदी झाले, किती दवाखान्यांत पोचले, किती दिवस साठा शून्य होता, एवढे तीन प्रश्न पुरेत. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दमेकरी मुलाला 'पळू नकोस' म्हणणे सोपे आहे, कारण त्यात कुणाचाच खर्च होत नाही. त्याला पळू द्यायचे म्हटले की औषध लागते, मैदान लागते, श्वास घेण्याजोगी हवा लागते, आणि त्या प्रत्येकासाठी कुणाला तरी जाब विचारावा लागतो. येत्या सोमवारी आपल्या वस्तीतल्या शाळेत जाऊन भिंतीकडेला बसवलेले पोर कोणते आहे ते पाहा, आणि अर्जाची सुरुवात तिथून करा.